गांजा, लॅब आणि महापालिकेचा एक टक्का

कॅलिफोर्नियात गांजा विकणाऱ्या दुकानावर कर आहे हे बहुतेकांना माहीत असतं. पण गांजा नुसता तपासून देणाऱ्या लॅबवरही शहराचा कर असतो! लॅब ना पिकवते, ना विकते. मग कर कशाचा?

त्यासाठी थेट १९७८ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर करून घरपट्टीला मालमत्तेच्या मूल्याच्या १ टक्क्याची मर्यादा घातली. लोक खूश, शहरांची तिजोरी मात्र आटली. पुढे नोव्हेंबर १९९६ मध्ये एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर दोन प्रस्ताव मंजूर झाले. २१५ नंबरच्या प्रस्तावाने औषध म्हणून गांजाला परवानगी दिली, आणि २१८ नंबरच्याने सांगितलं की स्थानिक कर लावायचा तर आधी मतदारांना विचारा. सर्वसाधारण खर्चासाठीचा कर असेल तर साधं बहुमत पुरे, ठरावीक कामासाठीचा असेल तर दोन तृतीयांश. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुलै २००९ मध्ये तुटीत असलेल्या ओकलंडने गांजाच्या दुकानांवर दर हजार डॉलर उलाढालीला १८ डॉलर कर लावला. असं करणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. गंमत म्हणजे दुकानदारांनीच पाठिंबा दिला, कारण कर भरणाऱ्याला सहजासहजी गुन्हेगार म्हणता येत नाही ना!

नोव्हेंबर २०१६ मध्ये 'प्रपोझिशन ६४'ने २१ वर्षं आणि त्यावरच्या सर्वांसाठी गांजा खुला केला. मार्च २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या मतदारांनी 'मेझर एम' मंजूर केलं. दर असे: प्रौढांना होणाऱ्या विक्रीवर १० टक्के, औषधी विक्रीवर ५, लागवड आणि उत्पादनावर २, आणि वाहतूक, संशोधन व तपासणीवर १ टक्का.

एक टक्का म्हणजे किरकोळच की, असं वाटेल. पण हा कर नफ्यावर नाही, उलाढालीवर आहे. समजा एखाद्या लॅबची उलाढाल २० लाख डॉलर आहे, तर वर्ष तोट्यात गेलं तरी २० हजार डॉलर भरायचेच. आपल्या जीएसटीत आधी भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, तसलं इथे काही नाही. लॅब तो फीमध्ये टाकते, मग फी मालाच्या किमतीत जाते आणि दुकानात त्या किमतीवर पुन्हा १० टक्के. करावर कर!

आता खरी गोम. २०१८ पासून तपासणी सक्तीची झाली: टीएचसी किती, बुरशी आहे का, कीटकनाशकं किती. पण लॅबचे पैसे देतं कोण? ज्याचा माल पास व्हायचा आहे, तोच धंदा. आपल्या भाषेत, टेस्टिंग टीमचा पगार डेव्हलपरच्या खिशातून, आणि बग जास्त काढले तर पुढचं काम दुसऱ्या टीमला. त्याच वर्षी सॅक्रामेंटोतल्या एका लॅबमध्ये ६६ पैकी २२ कीटकनाशकांचे खोटे निकाल दिले जात असल्याचं उघड झालं. जून २०२४ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने दुकानातला माल स्वतः तपासून घेतला, तर पास झालेल्या मालातही कीटकनाशकं सापडली.

ही लबाडी करामुळे झाली असं मी म्हणत नाही. तो आजार पैसे कोण देतं यातला आहे. पण शहराला लॅबकडून पैसा मिळतो, त्यातला लॅबवर नजर ठेवायला बांधलेला किती? 'मेझर एम' सर्वसाधारण कर आहे, म्हणजे पैसा जनरल फंडात. रस्ते, पोलीस, काहीही. तपासणीसाठीच राखून ठेवायचा तर १९९६ च्या नियमाने दोन तृतीयांश मतं लागली असती. शहरं सोपा रस्ता धरतात, यात नवल ते काय?

कॅन्सरचा पेशंट लेबलवर भरवसा ठेवून माल घेतो. त्या लेबलच्या प्रत्येक डॉलरमागे एक सेंट शहराला पोचला. तेवढ्याने ते लेबल खरं आहे की नाही हे मात्र कोणीच पाहिलेलं नाही.