रेल्वेचा शिलेदार : प्रदीपकुमार बॅनर्जी

कलकत्त्याच्या फुटबॉलवर मोहन बागान, ईस्ट बंगाल व मोहमेडन स्पोर्टिंग या तीन बलाढ्य संघांचे अधिराज्य असताना १९५८ साली लीगचे अजिंक्यपद ईस्टर्न रेल्वेने पटकाविले. त्या संघाचे आधारस्तंभ होते प्रदीपकुमार बॅनर्जी. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये कर्णधार या नात्याने त्यांनी फ्रान्सविरुद्ध गोल केला; १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई सुवर्णपदकाच्या अंतिम सामन्यातही एक गोल त्यांचाच.

मोठ्या संघांचा मोह टाळून ते निवृत्तीपर्यंत रेल्वेशीच एकनिष्ठ राहिले. पुढे १९७२ पासून राष्ट्रीय प्रशिक्षकपद भूषविताना, ज्यांच्याविरुद्ध हयातभर झुंजले त्याच ईस्ट बंगाल व मोहन बागानच्या खेळाडूंनाही त्यांनी घडविले. २०२० साली ते निवर्तले, तेव्हा दोन्ही गोटांतील चाहते सारखेच हळहळले.