नेमणुकांतले राजकारण चव्हाट्यावर येऊ द्या

महामंडळांवरच्या नेमणुका जाहीर झाल्या की सुशिक्षित महाराष्ट्रातून एक ठरलेला सूर उमटतो. ही मंडळे राजकारणापासून मुक्त करा, तिथे तज्ज्ञ किंवा निदान अनुभवी अधिकारी बसवा, आणि विरोधकांनीही प्रत्येक नावावर गदारोळ करण्याचे सोडून द्यावे, कारण त्यांची सत्ता आली की तेही तेच करतात. या पूर्वपक्षात तथ्य आहे. तिकीट न मिळालेल्यांचे आणि मंत्रिपद हुकलेल्यांचे पुनर्वसन महामंडळांवर होते, हे गावातल्या पारावरही ठाऊक असते. माझा आक्षेप उपायाला आहे. नेमणुका राजकारणमुक्त करता येत नाहीत, आणि तसा प्रयत्न केला की राजकारण तसेच राहते, फक्त दिसेनासे होते. लागणार आहे ती उघड राजकीय छाननी, निर्णयाच्या आधी, विधिमंडळात, प्रश्नोत्तरांसह.

एसटीचेच पाहू. सप्टेंबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, महाडचे आमदार भरत गोगावले महामंडळाचे अध्यक्ष झाले. डिसेंबरात ते मंत्री झाले. फेब्रुवारी 2025 मध्ये अध्यक्षपद परिवहन विभागाचे अपर मुख्य सचिव संजय सेठी यांच्याकडे गेले आणि एप्रिलमध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांच्याकडे. आमदार, सनदी अधिकारी, मंत्री असे तिन्ही प्रकार वर्षभराच्या आत पाहून झाले. या संस्थेचा संचित तोटा 10,000 कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे. 1,310 बस भाड्याने घेण्याच्या तिच्या प्रस्तावाला जानेवारी 2025 मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. अशा संस्थेच्या या तिन्ही अध्यक्षांना पदावर बसण्याआधी चार प्रश्न जाहीरपणे विचारता येतील, अशी सोय विधिमंडळात नव्हती आणि आजही नाही. मधले दोन महिने अध्यक्षपद अधिकाऱ्याकडे होते म्हणून त्या काळात एसटी राजकारणातून बाहेर आली, असे कोणी म्हणेल काय? अधिकारी सरकारच्या मर्जीने आला आणि सरकारच्या मर्जीने गेला.

हे महामंडळ ज्या कायद्याने चालते, त्या 1950 च्या रस्ते परिवहन महामंडळ अधिनियमाच्या सहाव्या कलमात सदस्याच्या अपात्रता दिल्या आहेत. दिवाळखोर नको, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला नको, महामंडळाच्या कंत्राटात हितसंबंध असलेला नको, आणि दुसऱ्या कोणत्याही वाहतूक व्यवसायात ज्याचा पैसा गुंतला आहे असाही नको. शेवटच्या अटीवर थोडे थांबू. खाजगी बस, ट्रॅव्हल्स, वडाप या धंद्यांशी आपल्या ग्रामीण राजकारणाची सोयरीक किती जुनी आहे, हे जिल्ह्याजिल्ह्यांत कोणीही सांगेल. मग नियोजित सदस्याला कोणी, कुठे, कोणासमोर विचारते की घरच्या कोणाच्या नावावर परमिटे आहेत का? तपासणी होत असेलही, पण ती मंत्रालयातल्या फाइलीत. ही अट जिच्या हितासाठी घातली, त्या जनतेला उत्तर ऐकायला मिळत नाही. सिडकोच्या अध्यक्षाला त्याच्या नातलगांच्या जमिनी कुठे आहेत, हे विचारण्याचीही अशीच जाहीर जागा नाही.

ही पदे राजकीय आहेत, हे मुळात आपल्या राज्यघटनेनेच ओळखले आहे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या 15 टक्क्यांवर आणला. 288 आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्री धरून 43 जण. त्याच दुरुस्तीने 361ख हा अनुच्छेद आणला, ज्यामुळे पक्षांतराने अपात्र ठरलेल्याला सरकारी मालकीच्या मंडळांवरची मोबदल्याची पदेही विशिष्ट काळ घेता येत नाहीत. घटनादुरुस्ती करणाऱ्या संसदेला हे स्पष्ट दिसत होते की मंत्रिपदाचा दरवाजा अरुंद केला की गर्दी महामंडळांकडे वळणार, आणि महामंडळ हे फोडाफोडीचे चलन होणार. लाभाच्या पदामुळे आमदारकी जाऊ नये म्हणून राज्याने 1956 पासून वेगळा कायदा करून सूट असलेली पदे ठरवून ठेवली आहेत. इतकी राजकीय तजवीज जिच्याभोवती आहे, त्या खुर्चीची छाननी तेवढी अराजकीय असावी, हा आग्रह मला समजत नाही.

तज्ज्ञ आणि अधिकारी यांच्या बाजूने जो युक्तिवाद होतो, त्याची कसोटी माहिती आयोगांवर लागलेलीच आहे. माहिती अधिकार कायद्याने विधी, विज्ञान, समाजसेवा, पत्रकारिता अशा अनेक क्षेत्रांतली माणसे आयुक्त होऊ शकतील असे म्हटले. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नोंदवावे लागले की प्रत्यक्षात निवड बहुतांशी नोकरशाहीतूनच होते, आणि उमेदवार निवडण्याचे निकष जाहीर करा असे सांगावे लागले. बंद दारामागे तज्ज्ञ निवडला की तो निवडणाऱ्याच्या ओळखीतलाच निघतो.

आता विरोधकांच्या गदारोळाविषयी. सप्टेंबर 2010 मध्ये पी. जे. थॉमस यांची केंद्रीय दक्षता आयुक्त म्हणून निवड करणाऱ्या तिघांच्या समितीत पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज होत्या. स्वराज यांनी केरळातल्या पामोलिन तेल प्रकरणाचा हवाला देऊन विरोध केला. हे राजकारण आहे, असे तेव्हा म्हटले गेले, आणि दोन विरुद्ध एक अशी निवड झाली. 3 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. थॉमस दोषी की निर्दोष, यात न्यायालय शिरले नाही. संस्थेची सचोटी या नेमणुकीने टिकेल का, हा प्रश्न समितीने विचारात घ्यायला हवा होता, असे ते म्हणाले. आणि पुढे जे सांगितले, ते आपल्या वादाच्या मुळाशी जाते: असहमत सदस्याने कारणे द्यावीत, आणि बहुमताने ती डावलायची असतील तर बहुमतानेही कारणे द्यावीत. म्हणजे विरोधकाचा हेतू शुद्ध होता की नाही, याला महत्त्व नाही. त्याला विचारण्याची जागा होती, म्हणून ती गोष्ट नोंदली गेली.

जागा नसली की काय होते, ते शिर्डीत दिसले. साईबाबा संस्थानाचे विश्वस्त मंडळ 2004 च्या कायद्याप्रमाणे राज्य सरकार नेमते. 2021 मध्ये नेमलेले, कोपरगावच्या आमदारांच्या अध्यक्षतेखालचे मंडळ मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर 2022 मध्ये रद्द केले. कारभार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या तदर्थ समितीकडे गेला. भक्तांच्या देणग्यांतून चालणाऱ्या या संस्थानाच्या मंडळावर कोण बसावे, हा वाद निकालात निघायला वर्ष लागले, तेही एका नागरिकाने वकील गाठला म्हणून. न्यायालय नेमणूक मोडू शकते. ‘हा माणूस का?’ हे आधी विचारणे लोकप्रतिनिधींचे काम आहे.

अशी सुनावणी ठेवली तर चांगली माणसे पुढे येणार नाहीत, ही भीती मी हलकी मानत नाही. चिखलफेक होईल, घरच्यांवरही शिंतोडे उडतील. पण आजही नेमणुकीनंतर हीच चिखलफेक माइकसमोर आणि फोनवरच्या व्हिडिओंतून होते, आणि तिथे उत्तर द्यायला ना वेळ असतो ना नियम. समितीसमोर निदान अध्यक्ष असतो, कामकाजाची नोंद असते, आणि अवांतर प्रश्न कामकाजातून काढता येतो. सरकारचा अधिकार हिरावला जाईल हा आक्षेप त्याहून कमकुवत आहे. ब्रिटनमध्ये महत्त्वाच्या सार्वजनिक पदांच्या उमेदवारांना संसदीय समितीसमोर जावे लागते, पण समितीचे मत मंत्र्यावर बंधनकारक नसते. 2009 मध्ये बाल आयुक्तपदासाठी मॅगी ॲटकिन्सन यांच्या नावाला समितीने नकार दिला आणि मंत्र्याने तरीही त्यांना नेमले. पण का नेमले, याचे उत्तर त्या मंत्र्याला द्यावे लागले.

महाराष्ट्राला यासाठी नवी संस्था उभारायची गरज नाही. सार्वजनिक उपक्रम समिती विधिमंडळाकडे आहेच. आज ती तोटा झाल्यावर, महालेखापरीक्षकांचा अहवाल आल्यावर साक्षी काढते. नेमणुकीच्या महिनाभर आधी नाव, शासनाने दिलेली कारणे आणि हितसंबंधांची घोषणा तिच्यासमोर यावी, सुनावणी उघड व्हावी, आणि शिफारस डावलायची असेल तर सरकारने लेखी कारण द्यावे. समित्यांच्या बैठका बंद दाराआड घेण्याची रूढी मात्र बदलावी लागेल. त्यासाठी सभागृहाचे नियम पुरेत, 1950 च्या केंद्रीय कायद्याला हात लावावा लागणार नाही. नोव्हेंबर 2024 च्या निकालानंतर विधानसभेत विरोधी पक्षनेताच नव्हता, मग छाननी करणार कोण, असे कोणी विचारील. माहिती अधिकार कायद्यात त्याचे उत्तर तयार आहे: मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता ती जागा घेतो. हेच वाक्य सार्वजनिक उपक्रम समितीच्या नियमांत घालता येईल, आणि पहिली सुनावणी एसटीच्या पुढच्या अध्यक्षाची ठेवता येईल.