रक्तांतील साखर आणि सोन्याचा कण

उमरखेडसारख्या तालुक्याच्या गांवीं आज बोटांतील थेंबभर रक्त एका लहानशा पट्टीला लावतात, आणि कांहीं सेकंदांत साखरेचा आंकडा समोर येतो. हा आंकडा मिळण्यास किती काळ लागला, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

मधुमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें लक्षण चरकसंहितेंत नमूद आहे. साखर आहे, एवढें मुंगी सांगे. किती आहे, हें सांगणें तिच्या आवांक्याबाहेरचें. इ. स. १९०८ सालीं बेनेडिक्ट यांनीं आपलें निळें द्रावण प्रसिद्ध केलें. मूत्र घालून तें उकळलें म्हणजे साखरेच्या मानानें हिरवें, पिवळें, शेवटीं विटकरी होई. परंतु मूत्रांत साखर उतरेपर्यंत रक्तांत ती पुष्कळच वाढलेली असते. तेव्हां ही परीक्षा उशिराचीच म्हणावयाची.

खरी वाट एका काळ्या बुरशीनें दाखविली. १९२८ सालीं म्युलर यांना तींत ग्लुकोज ऑक्सिडेज हें विकर, म्हणजे एन्झाइम, सांपडलें. तें ग्लुकोजपासून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतें व प्राणवायूच्या स्वाधीन करतें. १९६२ सालीं अमेरिकेंत क्लार्क व लायन्स यांनीं तें इलेक्ट्रोडवर बसवून, खर्ची पडलेल्या प्राणवायूवरून साखर मोजण्याची युक्ति मांडली. पण प्राणवायूचें प्रमाण स्वतःच स्थिर नसतें. १९८४ सालीं कॅस व त्यांचे सहकारी यांनीं त्याच्या जागीं फेरोसीन हा लोहयुक्त मध्यस्थ नेमला, आणि त्यानंतर या तत्त्वावर चालणारीं घरगुती यंत्रें निघालीं.

मध्यस्थ लागतो याचें कारण मौजेचें आहे. विकराचें क्रियाकेंद्र प्रथिनाच्या वेटोळ्यांत खोल दडलेलें असतें; तेथून इलेक्ट्रॉन थेट धातूपर्यंत पोहोंचत नाहीं. २००३ सालीं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांत विल्नर यांच्या मंडळीनें १.४ नॅनोमीटरचा सोन्याचा कण त्या केंद्रालाच जोडला. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) प्राणवायूकडे सेकंदास सुमारें ७०० फेऱ्या होत, या कणावाटे त्या सुमारें ५००० झाल्या. आमच्या मतें या सर्व इतिहासांत याहून सुंदर प्रयोग नाहीं.

बाजारांतील पट्टी मात्र अजून बहुधा विकर व मध्यस्थ यांवरच चालते. आणि विकर हें प्रथिन. उष्णतेनें व दमटपणानें तें बिघडतें. पुष्कळ पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांची मर्यादा छापलेली असते. यवतमाळ जिल्ह्यांतील वैशाख ४० अंश सहज ओलांडतो. म्हणून विकरावांचून, निकेल किंवा तांब्याच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म रचनेवर ग्लुकोजचें ऑक्सिडीकरण करणारे संवेदक आम्हांस विशेष मोलाचे वाटतात. संवेदनशीलतेचे मोठमोठे आंकडे छापणारे निबंध पुष्कळ निघतात; उन्हांत ठेवलेल्या पट्टीचें काय झालें, हें त्यांपैकीं फार थोडे सांगतात. शिवाय हे धातू मुख्यतः तीव्र अल्कलींत काम करतात, आणि रक्त तर किंचितच अल्कधर्मी असतें. या अडचणीमुळें ते अद्याप प्रयोगशाळेंतच अडकून पडले आहेत.