कराची ‘पडली’ ती रात्र

८ मे २०२५. औरंगपुऱ्यात आमच्या टीव्हीवर अँकर ओरडत होते : कराची बंदर उद्ध्वस्त! सकाळी बंदर जागेवरच.

आपल्या शहरानं अशा गर्जना आधीही ऐकल्यात. १९४८ला इथं निजामाचं राज्य. रझाकारांचा नेता कासिम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवायच्या बाता मारायचा. हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मात्र भारतात सामील व्हा, असं लिहायचे. ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आल्या, १४ला औरंगाबाद शरण आलं, १७ला निजाम.

रझवीचं खोटं पाच दिवसांत उघडं पडलं. पण त्यानंतर झालेल्या मुसलमानांच्या कत्तलींवरचा सुंदरलाल समितीचा अहवाल आपल्याच सरकारनं कित्येक दशकं दाबून ठेवला.

म्हणून अँकर ओरडायला लागला की मी शोधतो : आज काय सांगितलं जात नाहीये?