पात्याचं पाणी

१७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जॉर्ज पिअर्सन या डॉक्टरांचा एक निबंध छापून आला. विषय होता ‘वूट्झ’ नावाचं पोलाद. ते मुंबईत तयार होतं, असं चक्क शीर्षकातच म्हटलं होतं. प्रत्यक्षात हे पोलाद दख्खनच्या आणि त्याच्याही दक्षिणेच्या खेड्यांत, मातीच्या मुशींत तयार व्हायचं. झालं होतं एवढंच की, आदल्या वर्षी मुंबईतल्या हेलेनस स्कॉट या सर्जननं सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना त्याचे नमुने पाठवले होते. पार्सल जिथून निघालं ते गाव मालाला चिकटलं. ट्रॅकिंगमध्ये भिवंडी दिसतं म्हणून फोन भिवंडीत बनला असं आज कुणी म्हणणार नाही.

या नमुन्यांपैकी एक तुकडा जेम्स स्टोडार्टकडे गेला. हा लंडनमधला सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारागीर. त्यानं त्यातून एक छोटा चाकू घडवला. मीही या इतिहासात शिरलो तो चाकूमुळेच.

गेल्या वर्षी मी हातानं पहिला चाकू केला. पदवी मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. आपल्याकडे यात नवल नाही. दिवसभर ज्याला हात लावता येत नाही असं काहीतरी बनवत बसलं की असले छंद सुचतात. भंगारवाल्याकडून ट्रकच्या तुटलेल्या पाट्याचा तुकडा आणला. या पोलादात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो, चाकूला पुरेसा. तो लाल तापवून राखेत पुरला की हळूहळू थंड होऊन मऊ पडतो आणि कानस लागू लागते. मग आकार कापणं आणि तीन-चार रविवार नुसतं घासणं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. खांदे दुखतात.

खरी गोष्ट मिनिटभराची. घासून तयार झालेलं पातं पुन्हा तापवायचं. चुंबक चिकटेनासा झाला की समजायचं, सुमारे ७७० अंश सेल्सिअस झाले. त्याहून थोडं वर न्यायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. अचानक थंड झाल्यामुळे कार्बनच्या अणूंना हलायला वेळच मिळत नाही. ते लोखंडाच्या जाळीत अडकून पडतात. पातं काचेसारखं कठीण आणि तितकंच ठिसूळ होतं, कानस त्यावरून नुसती घसरते. मग २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवून ठिसूळपणा कमी करायचा. पात्यावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की काम झालं.

याला आपल्याकडे ‘पाणी देणं’ म्हणतात. तेलात बुडवलं तरी पाणीच. पाणीदार घोडा, एखाद्याचं पाणी जोखणं... या शब्दांत मला आता भट्टीचा वास येतो.

आठवडी बाजारात पाल टाकून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाला मी तो चाकू दाखवला. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसलेला, बायको घण मारत होती. पातं नखावर टेकवून त्या म्हणाल्या, “पानी बरं दिलंय. उन्हात तापिवलं व्हतं का?”

“नाही मावशी, शेडमध्ये.”

“मग ठीक. उन्हात रंग फशिवतो.”

त्यांच्याकडे चुंबक नव्हता, थर्मामीटर तर नव्हताच. लोह-कार्बन आकृती मी परीक्षेसाठी पाठ केली होती. पण तापलेल्या लोखंडाचा रंग सावलीतच नीट दिसतो, हे त्या आकृतीत कुठेच नाही.

वूट्झचं सगळं ज्ञान असंच होतं. जुन्या वर्णनांत कृती सापडते: लोखंडाचे तुकडे, तरवडाच्या वाळक्या काटक्या आणि रुईची हिरवी पानं मुशीत घालायची, तोंड मातीनं लिंपायचं, कोळशाच्या भट्टीत भाता मारत राहायचं आणि मग मूस हळूहळू थंड होऊ द्यायची. तरवड आणि रुई आपण रोज रस्त्याकडेला बघतो! काटक्या-पानांतला कार्बन लोखंडात उतरायचा आणि ढेपेत त्याचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास जायचं, माझ्या पाट्याच्या अडीचपट. अशी ढेप फार तापवून ठोकली तर फुटते. ती मंद लालीतच घडवावी लागते.

१८१९ मध्ये मायकेल फॅरेडेनं वूट्झचं पृथक्करण केलं. हा लोहाराचाच मुलगा. या पोलादाचं रहस्य त्यातल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये आहे, असं त्याचं मत झालं, आणि ते चुकीचं निघालं. पुढे त्यानं स्टोडार्टबरोबर पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिलं. वूट्झच्या पात्यांवरची ती पाण्यासारखी नक्षी नेमकी कशामुळे उमटते, याचं पटण्याजोगं उत्तर यायला १९९८ साल उजाडलं. धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हेन आणि फ्लोरिडातला चाकू घडवणारा अल्फ्रेड पेंड्रे यांनी दाखवलं की, मूळ लोखंडात एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी व्हॅनेडियम असलं तरी कार्बाइडचे थर रांगेत बसतात. म्हणजे लोहारांनी निवडलेली खाणसुद्धा कृतीचाच भाग होती. एकट्या शास्त्रज्ञाला हे उत्तर मिळालं नाही, सोबतीला घण मारणारा लागला, हे मला फार आवडतं.

आणि खाण कुठली, गाव कुठलं, हे ज्याला पोलाद विकत घ्यायचं होतं त्याला नेमकं ठाऊक होतं. हेन्री व्हॉयसीचा १८३२ मध्ये छापलेला एक लेख आज तेलंगणात असलेल्या कोनासमुद्रमच्या भट्ट्यांबद्दल आहे. तिथे त्याला पोलाद घ्यायला आलेला इराणी व्यापारी भेटला होता, थेट इस्फहानचा. लंडनमध्ये ‘मुंबईचं पोलाद’ छापलं जात होतं, त्या काळात इराणचे व्यापारी तेलंगणातल्या खेड्यात मुक्कामाला येत होते.

पुढे विलायती पोलाद स्वस्तात येऊ लागलं आणि या भट्ट्या विझत गेल्या. फॅरेडेच्या प्रयोगांतले ७९ तुकडे मात्र एका पेटीत शाबूत राहिले. रॉबर्ट हॅडफिल्डनं त्यांची तपासणी करून १९३१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पिअर्सनच्या निबंधात नमुने पाठवणाऱ्या स्कॉटचं नाव आहे, चाकू घडवणाऱ्या स्टोडार्टचं आहे. ढेप ज्यानं तयार केली त्याचं नाही. आणि त्याच्या गावाच्या जागी मुंबई छापलेलं आहे.