निशाणी नांगर ते ६४४ : लेखाधिकाराच्या विभागणीचा इतिहास

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक या ग्रामनामातील ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’ याचे मराठी रूप होय. ‘दफ्तर’, ‘मालकी’ व ‘परवानगी’ हे शब्दही अरबी-फारसीतूनच मराठीत आले. दफ्तर कोणाचे आणि त्यात लिहिण्याची परवानगी कोणास, हा प्रश्न गावच्या कारभारात प्राचीन आहे.

मराठेशाहीच्या गावगाड्यात कागद लिहिण्याचे काम कुलकर्ण्याचे असे. परंतु त्यावर पाटलाची ‘निशाणी नांगर’ पडे. राजपत्राच्या अखेरीस उमटणारे मोर्तब मजकुराची सीमा दर्शवी. त्यापुढे नवी ओळ घुसडणे कठीण होई. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने रद्द झाली, तरी हे तत्त्व टिकले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने फेरफार नोंदविणे तलाठ्याकडे, तर तो प्रमाणित करणे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे सोपविले.

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीत हीच विभागणी पुढे अंकांनी मांडली गेली. प्रत्येक फाइलीचा एक मालक, एक गट व उरलेले इतर. वाचणे ४, लिहिणे २, चालविणे १. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे, इतरांनी केवळ वाचावे. ७७७ म्हणजे सर्वांस सर्व काही.

वेब सर्व्हर अनोळखी माणसांशी व्यवहार करतो. त्यास फसविणाऱ्याच्या हाती त्याचेच अधिकार पडतात. म्हणून तो फायलींचा मालक नसावा. मालकी स्वतंत्र खात्याकडे असावी व सर्व्हरने केवळ वाचावे. परवलीचे शब्द असलेली फाइल इतरांस वाचताही येऊ नये. बाहेरून आलेले कागद ज्या कप्प्यात साठतात, तेथील काहीही चालविले जाऊ नये. अडचण येताच ७७७ देणे म्हणजे दफ्तर चावडीवर उघडे टाकणे होय.

२०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ही स्वाक्षरी म्हणजे नवे मोर्तबच. तथापि मोर्तब फेरफटका उघडकीस आणते. मर्यादित परवानगी तो मुळात होऊ देत नाही. ज्या कागदावर शेतकऱ्याची जमीन अवलंबून आहे, त्यास दोन्ही संरक्षणे आवश्यक आहेत. वाचणारा, लिहिणारा व मान्यता देणारा हे तिघे निराळे ठेवण्यातच दफ्तराची खरी सुरक्षितता आहे.