ताजची वंशावळ

गेटवेपाशी फोटो काढून देणाऱ्यांना विचारा किंवा टॅक्सीवाल्यांना, ताजमहाल हॉटेलची एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. आराखडा विलायतेतल्या आर्किटेक्टने काढला, इथल्या कंत्राटदाराने नकाशा उलटा धरला, हॉटेलची पाठ समुद्राकडे गेली आणि परत आल्यावर ते पाहून आर्किटेक्टने जीव दिला. गोष्ट चटकदार आहे, पण सपशेल खोटी आहे. शिवाय तिच्यामुळे एका मराठी इंजिनिअरच्या वाट्याचे श्रेय भलत्याच्याच खात्यावर जमा झाले, म्हणून तिचा मागोवा घेणे गरजेचे वाटते.

हॉटेल म्हणून ताजचा पूर्वज काळा घोड्याजवळचे वॉटसन्स. रोलँड मेसन ऑर्डिश यांनी आखलेला त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आला आणि इथे जोडला गेला. 1871 मध्ये ते सुरू झाले आणि 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंचा चित्रपट मुंबईने पहिल्यांदा तिथेच पाहिला. तिथे जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला गेला आणि त्या रागातून ताज उभे राहिले, असे सर्रास सांगतात. इतिहासकार मात्र या कथेकडे शंकेने पाहतात. 1896 पासून मुंबई प्लेगने पोखरली होती, लोक शहर सोडून जात होते. अशा शहरावर जमशेटजींनी स्वतःच्या खिशातला पैसा लावला. विज्ञानसंस्था आणि पोलादाचा कारखाना डोक्यात असताना हा भटारखाना कशाला, असा बहिणीने आक्षेप घेतल्याचे टाटांच्या चरित्रांत येते. त्यांनी ऐकले नाही. 1898 मध्ये अपोलो बंदरावरची भराव घातलेली जागा भाडेपट्ट्याने घेतली.

आता आराखड्याकडे येऊ. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य कुठे तयार झाले, हे कळले की ताजची इमारत नीट वाचता येते. 1878 मध्ये एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम हाती घेतले, तेव्हा वैद्य त्यांचे असिस्टंट इंजिनिअर होते. दहा वर्षे चाललेल्या त्या कामात दगडातला घुमट कसा पेलायचा, जिना कसा अधांतरी काढायचा, हे त्यांनी कागदावर आणि साइटवर पाहिले.

दोन्ही वास्तू शेजारी ठेवून पाहा. बोरीबंदरला मधल्या भागाला दोन बाजूंनी पंख, मध्ये मोकळे आवार, बरोबर मध्यभागी घुमट आणि घुमटाखाली भिंतीतून निघालेला, खालून खांबाचा टेकू नसलेला भव्य जिना. ताजलाही दोन पंख, मध्ये आवार, मध्यावर घुमट आणि खाली तसाच अधांतरी चढत जाणारा जिना. हा जिना कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांनी रचला. त्याच्या लोखंडी कठड्याशी उभे राहून वर पाहिले की मजल्यामागून मजले भोवती फिरत घुमटाकडे जातात आणि खोल्यांपुढचे रुंद व्हरांडे त्या मोकळ्या पोकळीवर उघडतात. बोरीबंदरच्या गॉथिक भाषेऐवजी इथे कोपऱ्यांवर मोगली धाटणीचे लहान घुमट आणि झरोक्यांसारख्या पुढे आलेल्या खिडक्या आहेत. मधला घुमट मात्र युरोपीय वळणाचा. अलंकरण बदलले, पण हाडांची रचना तीच राहिली. म्हणून वास्तू म्हणून ताजचे कूळ मला वॉटसन्सपेक्षा बोरीबंदरात दिसते.

मग दार मागे का? मुळात ते मागे नव्हतेच. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहराकडून, म्हणजे पश्चिमेकडून यायच्या. दोन पंखांमधल्या आवारात, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे, तिथे त्या थांबत. गेटवे तेव्हा नव्हता. त्याची पायाभरणी 1913 ची आणि उद्घाटन 4 डिसेंबर 1924 चे. त्यासाठीची समुद्रातली भर 1919 पर्यंत चालली होती. गाड्यांची वर्दळ शहराच्या बाजूला ठेवून बंदराकडची सलग लांबी खोल्यांना देणे, हा पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय होता. पुढे प्रवेश बंदराच्या बाजूला हलवला गेला आणि मूळ दर्शनी बाजू लोकांच्या लेखी पाठ ठरली.

काम चालू असतानाच वैद्य वारले. डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टने ते पुरे केले. आत्महत्येच्या दंतकथेत वैद्य आणि मिर्झा यांना जागाच उरत नाही: कल्पना साहेबाची, चूक इथल्या माणसाची. प्रत्यक्षात कल्पना इथल्यांची आणि शेवट साहेबाच्या हातचा. दंतकथेने हा क्रमच फिरवला.

16 डिसेंबर 1903 रोजी हॉटेल उघडले तेव्हा बांधकाम पुरे झाले नव्हते आणि पाहुणे होते अवघे 17. शहराला कंपनीची वीज 1905 मध्ये मिळू लागली. ताजमध्ये ती आधीच खेळत होती, कारण यंत्रसामग्री स्वतःची होती. पंखे अमेरिकेचे, लिफ्ट जर्मनीच्या. कपडे धुण्याची, सोडावॉटर भरण्याची, चांदीची भांडी घासण्याचीही सोय यंत्रांनी केलेली. पाच महिन्यांनी, मे 1904 मध्ये, जमशेटजी जर्मनीत वारले.

नंतरच्या पिढ्या भराभर आल्या. पहिल्या महायुद्धात इथे 600 खाटांचे लष्करी रुग्णालय होते. शेजारचे ग्रीन्स हॉटेल पाडून त्या जागी 1973 मध्ये टॉवर आला. नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात इथे 31 माणसे मारली गेली, त्यांत पाहुण्यांना वाचवताना प्राण दिलेले कर्मचारीही होते. जुन्या इमारतीचे वरचे मजले आगीत होरपळले. डागडुजी होऊन 15 ऑगस्ट 2010 रोजी ती पुन्हा उघडली. 2017 मध्ये या इमारतीच्या रूपाचीच ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली. भारतात असा मान मिळवणारी ही पहिली इमारत.

मालकीची नोंद झाली, तशी कर्तृत्वाचीही व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. वैद्यांचे नाव अभ्यासकांच्या पुस्तकांत आहे, पण लोकांच्या तोंडी नाही. ते एकटेही नाहीत. बोरीबंदरच्या कामावर सुपरवायझर म्हणून एम. एम. जनार्दन यांचेही नाव येते. ज्या मुंबईला आपण स्टीव्हन्स आणि गेटवेचे आर्किटेक्ट विटेट यांची म्हणतो, तिच्या कामांवर असिस्टंट, ओव्हरसिअर, ड्राफ्ट्समन म्हणून इथलीच माणसे खपली. त्यांची चरित्रे लिहिली गेलेली नाहीत. आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंगच्या मराठी विद्यार्थ्यांनी त्या काळचे नकाशे आणि बांधकाम खात्याची दप्तरे उघडून हे काम हाती घ्यावे. सुरुवात वैद्यांपासून करावी, कारण त्यांची इमारत अजून उभी आहे आणि तिच्यातून त्यांचा विचार आजही पडताळून पाहता येतो.